तेरा उभे राहतात

अकोट रस्त्याच्या प्रक्षेत्रावर मी चिठ्ठ्या लिहितो :
अमेरिकन बावन्न, देशी सव्वीस,
ओळ, झाड, तारीख. पेन्सिलीनं,
शाई दवात पसरते.

कौतिकाबाई काल सांजच्याला कळ्या सोलून गेली,
नखानं पुंकेसर काढून
कुक्षीवर शरबताच्या नळीचा तुकडा घातला.
आज ऊन चढायच्या आत
पिवळं फूल उलटं धरून टेकवते,
लाल दोरा बांधते, पुढच्या झाडाकडे सरकते.

"गुणसूत्र म्हंजे सूतच ना?"
सूतच. पण कोणी कातलेलं नाही.

शिदोरी सुटली की तिचा तपास सुरू.
भाकर? ज्वारीचे वीस.
कांदा? सोळा.
म्हशीचे पन्नास, गाईचे साठ, बकरीचेही साठ.
"मंग गाय अन् बकरी येकच?"
नाही बाई, पानं तेवढीच, मजकूर वेगळा.
"माये किती?"
शेहेचाळीस.
"आलूचे?"
अठ्ठेचाळीस.
तिनं आलूची फोड जरा लांब धरून पाहिली,
मग खाल्ली.
"अन् मोठ्या साहेबाचे?"
शेहेचाळीसच, कौतिकाबाई.
"मस्टरवर तं तसं दिसत नाही."

बांधाजवळची तिसरी ओळ गेल्या सालच्या संकराची.
एकोणचाळीस.
झाडं छातीएवढी, फुलं भरमसाट,
बोंड एक नाही.
पेशी दुभंगते तेव्हा
सव्वीसांच्या जोड्या लागतात,
तेरा उभेच राहतात,
कवायतीत जोडीदार न मिळालेल्या पोरांसारखे.
कोणी इकडे जातं, कोणी तिकडे,
कोणी वाटेतच.
फूल सकाळी उघडतं
आणि दोन-तीन दिवसांत देठासकट गळतं.

साहेबांनी रजिस्टरात लिहिलं : वांझ. उपटणे.
मी पहिला शब्द गाळून सांगितलं,
ओळ काढायची आहे.
कौतिकाबाईला वाचता येतं
हे मला माहीत नव्हतं.

ती काही बोलली नाही.
पदर खोचला, दुपारभर झाडं उपटली,
मुळांची माती झटकून बांधावर रचली.
शेवटचं एक तसंच ठेवलं.

हे राहिलं, मी म्हणालो.
"माश्या हायत त्याच्यावर. मधाच्या.
त्याईचे किती?"

बत्तीस.

ती कमरेवर हात ठेवून
माश्याच मोजत राहिली.