मनगटाला लागलेला मासा

तळाशीलला आमचं घर वाळूच्या पट्टीवर:
पुढल्या दारी दर्या, मागल्या दारी खाडी,
मध्ये थोडे सुरू आणि आम्ही दोघं.

चाळीस वर्षं यांनी गरी टाकली.
जाळं नाही, इंजिन नाही,
उजव्या तर्जनीवर नुसता दोर.
काळोखात बोटानं ओळखायचे:
तांबोशी हिसका देते,
गोबरा बुडी मारून दगडासारखा बसतो,
शेंगटी नुसतीच चुळबुळते, हट्टी पोरासारखी.

म्हणून पहिल्यांदा बोट हललं तेव्हा
"मासो लागलो," म्हणाले.
दोर वर घेतला. आमिष जसंच्या तसं.
पुन्हा टाकला. पुन्हा लागला.
त्या रात्री होडीत बाबल खवणेकर होता.
मला सांगताना तो हसला,
मग मध्येच हसायचा थांबला.

बांबोळीच्या डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून सांगितलं.
हे म्हणाले, "इतक्या लांबचा नाव कित्याक?
कापरां म्हणा मां."

पणजीहून हर्षालीनं दोन पट्टे पाठवले,
एक मनगटाला, एक घोट्याला.

घोट्याचा उंबऱ्याशी कामाला येतो.
तिथे यांचे पाय रुततात,
सुकतीला होडी रुतावी तसे;
मागून ढकललं तर पडतील,
पुढून ओढलं तरी पडतील.
मग पट्टा थरथरतो,
वल्ह्याच्या ठेक्यानं, टुक्, टुक्, टुक्,
आणि एक पाय उचलला जातो.
कधी नाहीच उचलत.
मग मी केरसुणीचा एक हीर उपसून
त्यांच्या पुढ्यात आडवा टाकते.
तो ओलांडतात.
हर्षाली म्हणाली, डॉक्टरसुद्धा हेच शिकवतात.
मला कुणी शिकवलं नव्हतं.

मनगटाचा पट्टा मात्र चुगलखोर.
पोरीच्या मोबाईलवर त्याची रेघ उमटते:
गोळी चढली की खाली, गोळी उतरली की वर.
गणपतीत आली तेव्हा तिनं दाखवली.
मी म्हटलं, अगो, हे तर पाणी.
भरती, सुकती, अष्टमीचं भांग, पुनवेचं उधाण.
फक्त याला तिथी नाही.

गेल्या मंगळवारी चारला तिचा फोन:
"आये, बाबांचो हात पाऊण तास हलताहा.
दुपारची गोळी चुकली काय?"
मी पडवीत डोकावले.
आडाळ्यावर बसून हे नारळ खोवत होते.
तीन वर्षांनी. कुणी न सांगता.
अर्धं खोबरं ताटात, अर्धं लुंगीवर,
पात्यापासून बोटं दोन इंच,
आणि माझा जीव त्या दोन इंचांत.
हाक मारली नाही.
"घेतली गोळी," मी म्हटलं.
"मगे ह्या काय?"
"सोलकढी."

रात्री पट्टा काढून चार्जिंगला लावते.
खिडकीत त्याचा हिरवा ठिपका,
लांबवर कुणाचा तरी ट्रॉलर उभा असावा तसा.
जन्मभर उन्हानं रापलेल्या मनगटावर
बोटभर रुंदीची गोरी खूण राहते.

आता मोजायला कुणी नाही.
मी हात हातात घेते.
काळोखात मलाही हल्ली बोटानं कळतं:
तांबोशी नव्हे, गोबरा नव्हे.
शेंगटीच.
मी ओढत नाही.
यांचा डोळा लागला की
ती आपसूक सुटून जाते,
आमिष जसंच्या तसं.