एक्झिट ४१

सावद्याला, फैजपूर रस्त्यावर, फेगडे शेठचं केळी पिकवायचं चेंबर.
पाच खोल्या, आत अठरा अंश,
बाहेर मे महिना.

त्या खोल्यांवर मी एक स्क्रिप्ट बसवली होती. चोवीस ओळींची.
दर दहा मिनिटांनी उठायची,
सेन्सरला आकडा विचारायची,
विसाच्या वर गेला तर शेठला मेसेज.
चुकांचे संदेश पडदा खराब करतात म्हणून
ते सगळे मी सोडून दिले होते
तळ नसलेल्या एका नालीत.

शाळेत झांबरे सरांच्या पेपरात शून्य आलं
की पट्टी बसायची.
इथं उलटं. इथं शून्य म्हणजे ठीक,
आणि एकापासून पुढचे सगळे आकडे
बिघडायच्या वेगवेगळ्या तऱ्हा.
मी सगळ्या तऱ्हांना मिळून एकच दिला होता, एक.
तोही कोणी वाचत नव्हतं.

सतरा तारखेला रात्री लाईट गेली.
सेन्सर मुका झाला.
कॉम्प्युटर मात्र बॅटरीवर जागा,
आणि स्क्रिप्ट ठरल्या वेळी उठत राहिली.
आकडा आला नाही, नुसती मोकळी जागा आली.
मोकळी जागा विसापेक्षा मोठी आहे का?
शेल कुरकुरला असणार, की हा काय प्रश्न झाला.
कुरकुर नालीत गेली.
मोठी नाही, म्हणजे ठीक.
दोन वाजून दहा, ठीक.
दोन वीस, ठीक.
पहाटेपर्यंत अठ्ठावीस वेळा ठीक.

सकाळी तीन नंबरचं दार उघडलं
तर वाफ आली अंगावर, गोडूस, आंबलेली.
साल पिवळी, आत गर शिजलेला.
शेठ हुरमत तडवीवर ओरडले. राखणदार तोच.
मी लॉग पुढे केला. बघा, माझ्याकडं सगळं ठीक आहे.

हुरमतनं काही न बोलता खाटेखालून वही काढली.
शंभर पानी, कोपरे तेलकट.
त्यात त्याच्या वाकड्या अक्षरात:

*२.०५ लाईट गेली. जनरेटर लावाले गेलो.
डिझल नाही. कॅन रिकामा, परवा ट्रॅक्टरात टाकलं.
२.१५ शेठले फोन, बंद.
२.२० कॉम्प्युटरवाल्या पोऱ्याले फोन. वाजला. उचलला नाही.
२.४० परत. उचलला नाही.
दारं उघडून पाहिली, बाहेर जास्त गरम. लावून घेतली.*

माझा फोन उशाखाली होता. आवाज मीच बंद केला होता.

शेठनी वही परत दिली आणि ते कॅन बघायला गेले.

त्या आठवड्यात मी स्क्रिप्ट पुन्हा लिहिली.
नाली बुजवली.
एक कमांड दुसरीच्या हातात माल देते
तेव्हा शेवटच्या हमालानं «झालं» म्हटलं
म्हणून झालं धरायचं नाही, मधल्यालाही विचारायचं.
मोकळी जागा आली तर तुलनाच करायची नाही,
तिथंच थांबायचं, आणि कारण सांगून थांबायचं.
ट्रॅप लावला: मरायचंच असेल तर मर,
पण जाताना कुलूप काढ, तात्पुरत्या फायली उचल,
कुठल्या ओळीवर पडलीस ते बोलून जा.
चाळिशीपासून आकडे दिले.
४१ डिझेल संपलं, कॅनमध्ये बसवलेला फ्लोट सांगतो.
४२ सेन्सर गप्प.
४३ शेठचा फोन बंद.
४४ माझा.

हुरमतला दाखवलं. त्यानं बोट ठेवलं. हे एक्केचाळीस काय?
डिझेल नाही, म्हटलं.
«मंग तसंच लिही ना. आकडा कायले?»

आकडा मशीनला लागतो, हे त्याला पटलं नाही.
मलाही त्या दिवशी नीट सांगता आलं नाही.
आकडा ठेवला, आणि त्याच्यापुढं त्याची ओळ,
वहीतली, त्याच्याच शुद्धलेखनात.

काल रात्री दीड वाजता उशाखाली फोन ओरडला.
*एक्झिट ४१. डिझल नाही. कॅन रिकामा.*
मी मोटरसायकल काढली.
पंपावर पोरगं झोपलं होतं, त्याला उठवावं लागलं.
चेंबरला पोचलो तर हुरमत दारात, बॅटरी घेऊन,
वहीत वेळ लिहीत होता.