काठार

लवू खवणेकर दुकानात आले, हातात ओली पिशवी,
मला वाटलं बांगडे.
निघाल्या बाटल्या. काउंटरवर एकेक उभी केली:
क्रोमियम, मॅग्नेशियम, झिंक, ड जीवनसत्त्व,
कुवेतहून लेकीनं धाडलेल्या.
"वाच गो. ह्यातली खयची साखर अडयता?"

शिबिरात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, काठावर आहे.
"काठार!" ते हसले. "आख्खो जलम काठारच गेलो माजो.
काठ म्हंजे काय, ता ती माका शिकयतली?"
मग हसू थांबलं.

शेवंतीकाकींचा पाय आधी बोटापासून गेला,
मग घोट्यापासून, बांबोळीला,
आणि परतीच्या गाडीत चादरीखाली
जिथं काही नव्हतं तिथं लवूकाकांनी हात ठेवलेला.
हे ते बोलले नाहीत.
वेंगुर्ल्यात बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे.

मी वाचलं. बारीक अक्षर, मोठी आश्वासनं.
चाळीस वर्षं ज्याची पाठ उन्हानं सोलली
त्याच्याच रक्तात ड कमी निघालं.
आणि मॅग्नेशियम, काका,
तुमच्या वल्ह्यावरून रोज निथळत होतं.

खरं सांगायचं तर
माझ्या दुकानात त्याच फळीवर नफा जास्त.
तरी म्हटलं, कमी असेल ते भरून निघेल,
साखर अडेल असं मी लिहून देणार नाही.
त्यांनी क्रोमियमची बाटली माझ्याकडे सरकवली.
"ऱ्हवांदे तुज्याकडेच. घराक ठेवलंय तर
खाल्लंय काय नाय, आठवणा नाय."

डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, घेऊ देत, अपाय नाही.

तेव्हापासून रोज पाचच्या सुमाराला
बंदरावरून चढण चढून येतात. दीड मैल.
होडी विकल्यापासून
ओट्यावरून उठायला कारणच उरलं नव्हतं.
मी ड्रॉवर उघडते,
तळहातावर एक गोळी, पेलाभर पाणी,
मग दीड मैल खाली.
वाटेतल्या टपरीवर आता थांबत नाहीत.
"गोळयेवर गोड चाय नको, गुण जाता."
कुणी सांगितलं? मी नाही.

शिमग्याआधी रिपोर्ट आला. उतरली होती,
थोडीच, पण उतरली होती.
चार सौंदाळे केळीच्या पानात बांधून माझ्यापुढे ठेवले.
"तुज्या क्रोमियमाक."
काका, गोळी राहू दे, ती चढण...
एवढं जिभेवर आलं
आणि मी कुणाच्या तरी खोकल्याच्या औषधाचं बिल करत राहिले.

नुसतं चालणं रिकामटेकड्यांचं काम,
असं तेच म्हणाले होते एकदा,
शाळेच्या मैदानाला फेऱ्या घालणाऱ्या मास्तरांकडे बघून.

आज ते गेल्यावर बाटली उपडी केली.
अकरा.
कुवेतला फोन लावावा,
की फळीवरून माझीच एक काढावी?
की सांगून टाकावं, आणि उद्या पाच वाजता
दाराकडे बघत बसावं?

उतारावर त्यांची काठी वाजते, लांब, मग आणखी लांब.
मी परत मोजते.