हिराकस

लबकच्या पश्चिमेला, जिथं नळाचं पाणीसुद्धा
किटलीत पांढरा थर ठेवून जातं,
व्हर्लीन स्टोव्हॉल बाईंच्या दारापुढचं गवत
जून लागता लागता पिवळं पडलं.
सगळं नाही. आधी कोवळी पाती.
खालची, जुनी, अजून हिरवी होती,
आणि पिवळ्या पात्यांत बारीक हिरव्या रेघा,
टोकदार पेन्सिलीने आखाव्यात तशा.

बाईंनी पाणी वाढवलं.
मग खताचं पोतं आणलं. मग दुसरं.
गवत उंच झालं आणि जास्तच पिवळं.
शेजारचा ड्वेन म्हणाला, उपटा, खडी टाका.
तेव्हा मला फोन आला.

मी युसेबियो तेर्रासास,
एकवीस वर्षं लोकांचं गवत सांभाळतोय.
माझ्या अंगणात दोन निवडुंग आणि एक ट्रक.

फावडं मारलं. वीतभर खाली खणकन वाजलं:
कॅलिचे, पांढरा, हट्टी.
बाईंकडून व्हिनेगर मागितलं,
ढेकळावर चार थेंब टाकले
तशी माती फसफसली.
"तिला काय होतंय?"
काही नाही बाई, चुना आहे.
लोखंड आहे की या मातीत, हवं तेवढं.
पण चुना ते मुठीत धरून बसलाय,
मुळांच्या हाती काही लागू देत नाही.
भरल्या घरात उपाशी आहे हे गवत.

बाई बराच वेळ ढेकळाकडे बघत राहिल्या.
"हार्लन तसाच होता," म्हणाल्या.
मी पुढे विचारलं नाही.

गॅरेजात हिराकशीची अर्धी पिशवी सापडली,
तोंड सुतळीने बांधलेलं, गाठ पुरुषी.
ही नको, मी म्हटलं, मातीत पडली की
दोन दिवसांत तीही चुन्याच्या ताब्यात.
तो महागडा लाल भुसा येतो ना, बीटच्या रंगाचा,
त्यातलं लोखंड असं गुंडाळलेलं असतं
की चुन्याला ओळखू येत नाही.
तो मुळांशी. पानांवर हलका फवारा, उन्हं उतरल्यावर.
पाणी कमी. खत बंद.

तेव्हा मला पायवाट दिसली.
फाटकापासून पायरीपर्यंत
काँक्रीटवर बुटांचे ठसे, गंजाच्या रंगाचे,
अकरा; डावा जरा फाकलेला.
ओल्या गवतात हिराकस पसरून
तो तसाच फोन घ्यायला आत आला होता.
गवताने जे घेतलं नाही ते काँक्रीटने घेतलं.
"इतकी चिडले होते मी. ब्लीचने घासलं."
ब्लीचने गंज पक्का होतो, बाई.
"हो," त्या म्हणाल्या, "झाला."

माझ्या ट्रकमध्ये आहे एक अॅसिड,
वीस मिनिटांत दगड कोरा करतं.
मी तसं सांगितलंही.
बाईंनी वॉकर उचलला,
ठशांना वळसा घालून पुढे ठेवला.
"तू गवताचं बघ."

संध्याकाळी फवारण्याआधी
त्या अकरा ठशांवर मी पुठ्ठे अंथरले,
कडेला विटा ठेवल्या. वारा होता.

आठवड्याने फोन आला:
हिरवं झालंय. ड्वेन येऊन हात लावून गेला.
पण परत पिवळं पडेल का?
पडेल. सप्टेंबरपर्यंत टिकेल, फार तर.
चुना काही कुठे जात नाही.
"मग सप्टेंबरात ये," त्या म्हणाल्या,
"आणि पुठ्ठे आण. माझ्याकडचे संपले."