आणखी दोन वळणं

माझं काम सगळ्यात मागे राहायचं.
पगार त्याचाच मिळतो.
बारा सायकली पुढे, तेरावी माझी,
माझ्यामागे कुबातची निळी गाडी.
तिच्यात तंबू, खरबुजं, जादा चाकं,
आणि कोणालाच नको असलेली
एक रिकामी सीट.

सारी-बेल. म्हणजे पिवळी कंबर.
खिंडीला आम्ही किरगिझ कंबरच म्हणतो,
डोंगर तिथे जरासा वाकतो म्हणून.
पाहुण्यांना सांगितलं की ते हसायला लागतात,
पण चार हजार मीटरवर हसायलाही श्वास लागतो,
मग ते हसू अर्ध्यात टाकून देतात.

"किती राहिलं?"
एवढं मला अकरा भाषांत कळतं.
उत्तर तोक्तोसूनने शिकवलेलं
(तो आता ओशच्या बाजारात टायर विकतो):
आणखी दोन वळणं.
खरं सांगू नकोस, म्हणाला, खऱ्याने पायात गोळे येतात.
आणि एकही म्हणू नकोस, लगेच पकडला जाशील.
दोन.

या खेपेला शेवटी खेरदीन होती.
वय त्रेसष्ट, गाव हॉलंडात,
जिथे, ती म्हणाली, पूल हाच घाट.
इतकी हळू चालवायची
की मागे माझीच सायकल आडवी व्हायला बघायची;
मग मी उतरून, सुटलेली नसलेली नाडी बांधायचो.
रस्ता धुण्याच्या फळीसारखा, दातावर दात.
बिळाबाहेर मार्मोट उभे,
लग्नात जेवणावळ उठल्यावर आलेल्यांकडे
बघावं तसे आमच्याकडे बघत.

"किती?"
"दोन वळणं."
ती मान डोलवायची, दोन वळणं चढायची,
"किती?"
सकाळपासून सतरा वेळा. मी मोजत होतो.
लाज वाटायला आधी मोजावं लागतं.

गारा सुरू झाल्या, वाटाण्याएवढ्या.
कुबातने गाडी शेजारी घेतली, दार उघडलं.
आतून ऊब आली, आणि खरबुजाचा वास.
खेरदीनने सीटकडे नीट पाहिलं,
मग दार लोटून घेतलं, आवाज न करता,
दुसऱ्याच्या घराचं लावतात तसं.

मला राहवलं नाही.
"खरं सांगू? अजून चोवीस आहेत."
"तेवीस," ती म्हणाली.
घरीच मोजली होती, जेवणाच्या टेबलावर, पेन्सिलीने.
मग विचारत का होतीस?

पायडलच्या एका फेऱ्याला एक शब्द, असं तिने सांगितलं.
चौतीस वर्षं. कालव्याच्या दारांवर. नोकरी.
बोट वर चढवायची
तर मागचं दार लावायचं,
पाणी भरू द्यायचं,
मग पुढचं उघडायचं.
बोटीवरचे लोक ओरडायचे, बाई, किती राहिलं?
मी म्हणायचे, हे एवढं दार.
"कोणी मला सांगावं, असं कधी झालंच नाही."

हे सांगण्यात तीन वळणं गेली.
वीस.

पुढे ती विचारत राहिली, मी सांगत राहिलो.
दोघांनाही ठाऊक.
तरी दर वेळी तिचे खांदे
बोटभर खाली यायचे.

वर बाकीचे अकरा दगडाआड दाटून बसलेले,
पाऊण तासापासून, ओठ जांभळे.
टाळ्या वाजवायला कोणी बाहीतून हात काढला नाही.
मिलानचा दाताचा डॉक्टर एवढंच म्हणाला, चला आता.
फोटो निघाला, त्यात सगळे डोळे मिटलेले.

उतारावर मात्र ती सुटली.
मी ओरडलो, ब्रेक, ब्रेक,
वाऱ्याने ते माझ्याच तोंडात परत घातलं.
बाराही जणांना मागे टाकून खाली गेली ती,
सपाट देशातली बाई.
आयझादाच्या अंगणात मी पोचलो
तेव्हा ती गादीवर झोपलेली, बूट पायात,
उशाशी मिठाचा चहा, वर साय धरलेली.

रात्री तिची सायकल उलटी केली.
ब्रेकचं रबर संपून पार लोखंड लागलेलं.
आयझादाचा मुलगा विजेरी धरून बसला होता,
प्रकाश माझ्या हातावर कमी, ताऱ्यांवर जास्त.
"उद्या कुठली खिंड?"
मोठी.
"किती वळणं?"

इकडे धर, म्हटलं. पाना दे.
तो नाही, लहान.