आठ नंबरची खोली

सावद्याला दुपारी शेहेचाळीस अंश होते,
रात्री नऊलाही डांबर चपला धरून ठेवतंय,
आणि केळीच्या पिकवणखोलीत आम्ही पाच जण
स्वेटर घालून बसलेलो.

केळी सात नंबरपर्यंतच.
आठवी खोली फालकांनी बाटल्यांना दिली:
तेरा अंश, अंधार, वर्षभर कुणी हलवायचं नाही.
हमालांना सांगितलंय, आत औषधं आहेत.
फालकांच्या आईलाही तेच सांगितलंय;
तिने एकदा गुडघ्यांसाठी चमचाभर मागितलं होतं.

सहा बाटल्या, सहा पायमोजे.
मोजे फालकांच्या मुलाचे, शाळेतले, निळ्या पट्टीचे.
तो आता मेलबर्नला, पाय वाढलेले.
नाव विचारायचं नाही,
आपली कुठली, ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.

यामिनी भंगाळे पेला तिरका धरते पांढऱ्या रुमालावर,
कडेचा विटकरी रंग बघते,
म्हणते, तीस वर्षं. नाही, पस्तीस.
कांकरिया नाक खुपसतात आणि लिहितात
लाल वहीत, डावीकडे, जमेला.
डॉक्टर बरजोर, भुसावळच्या रेल्वे दवाखान्यातून निवृत्त,
काहीच लिहीत नाहीत.
जो बोलतो त्याच्याकडे बघत बसतात.

माझी पाळी.
मी सराफ. बाप कसोटीच्या दगडावर सोनं घासायचा,
मी या मंडळीत नाकावर नाव कमावलं.
म्हणालो: जिनिंगचं गोदाम, पावसाळा संपता संपता,
ओलसर सरकीचा ढीग,
आणि मागे कुठेतरी चामड्याचा बटवा.
यामिनीने पुन्हा हुंगलं.
"सरकी! अगदी सरकी," कांकरिया म्हणाले,
आणि जमेला लिहिलं.

खरं सांगायचं तर
मार्गशीर्षातल्या तापापासून मला वास येत नाही.
कशाचाच.
पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीतही
तोंडात नुसतं गरम.
दुकानात तेजाब उघडं राहिलं
तर नोकर ओरडतो तेव्हा कळतं.
ती सरकी अमळनेरच्या मामाच्या जिनिंगमधली,
मी नऊ वर्षांचा असतानाची.
डोक्यातून काढून पेल्यात टाकली
आणि त्या दोघांना ती आली.
यात कोण फसलं, मला अजून लावता येत नाही.

तीन, चार.
तंबाखूचं पान म्हणालो, गंजका खिळा म्हणालो.
पाचवीचं बूच सडलेलं निघालं.
सगळ्यांची तोंडं वाकडी झाली,
माझंही झालं, अर्धा क्षण उशिरा.
डॉक्टरांनी तो अर्धा क्षण पाहिला.

सहावी.
इथे मला काही सुचेना.
जीभ टाळूला लावून थांबलो.
कच्च्या केळ्याचा चीक तोंड आवळतो
तसं नव्या वाइनचं असतं.
ही आवळत नव्हती.
खूप वर्षं वळलेली मूठ सोडून द्यावी,
बोटं उघडी, पण बाक राहिलेला, तशी.
एवढंच म्हणालो:
हिचं कुणाशी भांडण उरलेलं नाही.
कुणी मान डोलावली नाही.
यामिनीने पेला खाली ठेवला.

मोजा डॉक्टरांनीच ओढला.
लेबल नव्हतं. कसरीने खाल्लेलं.
डिंकाचा चौकोन तेवढा,
आणि कोपऱ्यात एक आकडा, सात किंवा एक.
"वडिलांची," ते म्हणाले.
"कुठली, कधीची, आता विचारायला कोणी नाही."
कांकरियांनी पेनाचं टोपण लावलं.

पेले विसळताना डॉक्टर शेजारी आले.
"केव्हापासून?"
मी नळ मोठा सोडला.
"डिसेंबर."
"सकाळी लवंग हुंगायची. मग लिंबू. रोज.
आलं तर येतं."
आणि पेला उजेडात धरून
डाग राहिलाय म्हणून मला परत दिला.

जाड दार उघडलं.
भट्टीचं तोंड उघडावं तसा उन्हाळा अंगावर आला.
सात नंबरचा माल निघाला होता, ट्रक दिल्लीचा.
"काय घमघमाट सुटलाय!" यामिनी म्हणाली.
हमाल क्रेट एकमेकांच्या हातात देत होते.
मी हो म्हणालो
आणि त्या पिवळ्याकडे बघत राहिलो,
जरा जास्तच वेळ.