साल

बुचाच्या ओकची साल काढली की
खोडावर पांढऱ्या रंगात एक आकडा घालतात,
त्या सालाचा शेवटचा.
पुढची नऊ वर्षं त्याला कुऱ्हाड दाखवायची नाही.
बाबा ज्या झाडावरून पडले त्यावर तीन आहे.
एरवी आकडा तेच घालायचे. त्या दिवशी बेल्मीरूने घातला,
हात कापत होता,
म्हणून तो तीन जरा आठासारखा दिसतो.

हेल्मेट गाडीत होतं. पाण्याच्या कॅनखाली.
आलेंतेजूच्या जुलैत डोक्यावर काही ठेववत नाही,
असं आम्ही घरात एकमेकांना सांगतो
कुणी विचारलेलं नसताना.

एव्होराच्या इस्पितळात एकोणतीस दिवस.
मग घरी. टाके बुजले, केस आले,
आणि चौकातल्या कॅफेत जो तो म्हणाला,
अडेरीतू, छान दिसतोस की!
'छान' हा शब्द आईला इतकं एकटं पाडेल
असं कुणाला वाटलं असतं?
छान दिसणारा माणूस एका पायात बूट घालून
दुपारपर्यंत पलंगावर बसून असतो.
चमच्याला किल्ली म्हणतो.
रेडिओ चालू होता आणि मी विचारलं, सूप वाढू का,
तर ताट भिंतीवर.

नोएमिया दर मंगळवारी तिच्या छोट्या लाल गाडीतून येते.
म्हणाली, हा आळस नाही. इंजिन आहे, चावी फिरत नाही.
आणि राग ब्रेकचा आहे, माणसाचा नाही;
कपाळामागे मार बसला की असं होतं.
रेडिओ बंद करा. एका वेळी एकच गोष्ट सांगा.
मग थांबा. मनात दहापर्यंत मोजा.
त्यांच्या तोंडात शब्द घालू नका,
तो वाटेत असतो.

आकडे मला शाळेतच आले होते.
थांबणं आत्ता शिकतेय.
बूट.
एक, दोन, तीन, चार
सातला हात हलतो.

ऑगस्टमध्ये वाल्देमार लक्झेंबर्गहून आला.
कपाटांवरच्या चिठ्ठ्या वाचून हसला: कप. ताटं. औषधं.
'इथे काही नाही' ही बाबांनी स्वतः लिहिलेली.
म्हणाला, बाबा, जरा मनावर घ्या ना.
जणू मन शिडीवर चढलंच नव्हतं,
खाली सावलीत बसून होतं.
तिसऱ्या दिवशी शेडमागे रडताना सापडला.
मी काही बोलले नाही. त्यालाही दहा दिले.

कुऱ्हाड किती खोल जावी, हे बाबांचे हात सांगायचे.
सालीखाली एक ओला, लालसर थर असतो.
आमच्याकडे त्याला आई म्हणतात.
साल गेली तरी येते.
आई दुखावली तर त्या जागी
झाड पुन्हा काही धरत नाही.

नोएमियाने त्या मंगळवारी वही मिटली
आणि विचारलं, दिओलिंडा, तुम्ही झोपता कधी?
आई म्हणाली, कॉफी घेणार का?
नोएमिया थांबली.
तिने किती मोजलं कोण जाणे,
पण आईच्या हातातली किटली शेवटी खाली ठेवली गेली.

आता गुरुवारी बेल्मीरू येऊन बसतो बाबांजवळ.
पत्ते मांडतो, बोलत नाही; त्याला ते बरं जमतं.
आई नगरपालिकेच्या तलावावर जाते.
पन्नाशीत शिकली पोहायला,
अजून कडेकडेनेच.
आणि ज्या माणसाशी लग्न केलं तो बाबांच्याच कपड्यांत
कुठे निघून गेला, हे तिथल्या पाण्याला सांगते म्हणे.
घरी कुणाला सांगत नाही, कारण तो तर समोर बसलेला.

परवा ती परतली, केस ओलेच होते.
बाबांनी हात वर केला, तिच्या केसांवर ठेवला,
आणि शब्द शोधू लागले.
माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला.
आठ. नऊ. दहा. अकरा.
बेल्मीरूचे पत्ते हवेतच.

साल, ते म्हणाले.

चुकला, असं मला वाटलं.
आई म्हणाली, हो.